वेगळं ताट

टांझानियातल्या झांझिबार बेटावर एका घरात दुपारची नमाज आटोपली, मागच्या अंगणात चटई अंथरली गेली आणि चटईच्या मधोमध ॲल्युमिनियमचं एक थोरलं गोल ताट आलं. त्यात नारळाच्या दुधात शिजलेला भात, भाताला मध्ये आळं, आळ्यात माशाचं कालवण. घरातल्या बायका आणि मुलं एका कुशीवर होत ताटाभोवती सरकली आणि उजवे हात भातात गेले. जवळच्या बुटक्या स्टुलावर एक काचेची बशी होती. तिच्यात तोच भात, बाजूला पालेभाजी, वर चमचा आणि नीट घडी केलेला कागदी रुमाल. ती बशी होती साताऱ्याहून तिथली स्वाहिली भाषा शिकायला आलेल्या मुलीची. घरातला तिचा तिसरा दिवस होता. तिनं बशीचा फोटो काढून घरी पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, 'मला वेगळं वाढतात.' तो फोटो हातोहाती फिरत माझ्यापर्यंत आला, आणि तेव्हापासून ती बशी काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

वेगळं ताट, वेगळा कप, ओसरीच्या कोनाड्यात उपडी घातलेली कान तुटकी बशी. या भांड्यांचा अर्थ मराठी माणसाला कुणी फोडून सांगावा लागत नाही. माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवायला आपण पिढ्यान् पिढ्या हीच भांडी वापरली. त्यामुळे एखादी मराठी मुलगी परक्या अंगणात आपल्या पुढ्यात वेगळी बशी पाहते तेव्हा तिच्या पोटात जे कालवतं, ते फक्त तिचं एकटीचं नसतं. पण झांझिबारच्या त्या अंगणात त्या बशीचा अर्थ नेमका उलटा होता. घरातली सगळ्यात चांगली बशी, बहुधा कपाटातून काढलेली, आणि चमचा. जिला हातानं भात कालवायला कुणी शिकवावं लागणार नाही अशा मुलीला चमचा दिला गेला, कारण त्या घरानं आजवर पाहिलेले विद्यार्थी युरोप-अमेरिकेचे होते आणि पहिल्याच दिवशी चार बोटांत भात धरताना त्यांची तारांबळ उडाली असणार.

स्वाहिलीत म्गेनी हा शब्द पाहुण्याला आहे, परक्यालाही तोच. दोन वेगळे शब्दच नाहीत. उलट बाजूला म्वेन्येजी: शब्दशः 'गाव असलेला', म्हणजे रहिवासीही आणि यजमानही. ज्याचं गाव आहे तो यजमान, ज्याचं नाही तो पाहुणा, आणि मधलं अंतर कसं कापायचं तेही एका म्हणीत सांगून ठेवलं आहे: 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपली म्हण पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई म्हणते आणि तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल काढते. आपली म्हण माणसाला दाराबाहेर काढते, त्यांची शेतात नेते. परक्या घरी महिनोन् महिने राहायला जाणाऱ्यानं दोन्ही म्हणी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. तिथला पाहुणचार ओसरण्याची वाट पाहायची असते. तो ओसरला की मग घर सुरू होतं.

पण तिसऱ्या दिवशी कुदळ आपणहून हातात पडत नाही. आधी तोंड उघडावं लागतं, आणि मराठी तोंडाला पहिली अडचण नात्यांची येते. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे थोरली बहीण. काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच, आणि बाबू म्हणजे आजोबा. पहिले चार दिवस घरातल्या थोरल्या लेकीला 'दादा' अशी हाक मारताना जीभ अडखळते, मान आपोआप एखाद्या मुलग्याला शोधते. घरच्या बाईला तिच्या नावानं हाक मारायची नसते. पहिल्या मुलाच्या नावावरून ती 'मामा अमुक' होते, आणि अमुक म्हणायला त्यांच्याकडे 'फुलानी' आहे, आपला फलाणा. वयानं मोठ्या माणसाला दिवसातून पहिल्यांदा भेटताना 'शिकामो' म्हणायचं. त्याचा अर्थ 'तुमचे पाय धरते' असा सांगतात. समोरून 'मराहाबा' येईपर्यंत थांबायचं. हे आपल्या 'पाया पडते'चंच भावंड, फक्त वाकावं लागत नाही. विद्यार्थी चुकतात ते इथं: वर्गातल्या मुलांकडून 'माम्बो?' (काय चाललंय?) आणि 'पोआ' (मस्त) उचलतात आणि तेच घरच्या आजीला म्हणतात. आजी रागावत नाही, हसते. पण त्या दिवशी ते मूल तिच्या लेखी परत म्गेनी होतं.

दाराशी आलं की 'होदी', येऊ का, म्हणायचं, आतून 'करीबू', म्हणजे 'या', आल्यावरच चपला काढून आत जायचं. तीनदा म्हणूनही उत्तर आलं नाही तर मुकाट परत फिरायचं, खिडकीतून डोकावायचं नाही. कुणी जेवत असताना आपण पोचलो तरी 'करीबू' ऐकू येतंच, आणि ते आपल्या 'या जेवायला'सारखं असतं, म्हणणाराही ते मनापासून म्हणतो आणि ऐकणाराही 'पोट भरलंय' म्हणूनच पुढे जातो. 'निमेशिबा' हा शब्द त्यासाठी पाठ हवा, मी तृप्त आहे. लग्न झालंय का, मुलं आहेत का, या प्रश्नांना 'नाही' असं उत्तर देत नाहीत. 'बादो' म्हणतात, अजून नाही. पुण्या-मुंबईकडच्या मुलींना हे प्रश्न टोचतात. टोचू देत. पण 'बादो' या शब्दात प्रश्न विचारणाऱ्याला मिळणारी आशा आणि उत्तर देणारीला मिळणारी सुटका, दोन्ही आहेत.

आणि 'पोले'. ठेच लागली, पोले. ताप आला, पोले. अभ्यास करून दमून आलीस, 'पोले ना मासोमो'. हा माफीचा शब्द नव्हे. माफीला 'समाहानी' आहे. पोले म्हणणाऱ्याची चूक नसते, तरी तुझं दुखणं मला दिसलं एवढं तो सांगतो. मराठीत यासाठी एक शब्द नाही. आपण 'अगं बाई गं' म्हणतो, किंवा 'लागलं का फार?' विचारतो, किंवा गप्प बसतो.

घड्याळाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यापायी पहिल्याच आठवड्यात तास बुडतात. झांझिबार विषुववृत्ताच्या सहाएक अंश दक्षिणेला आहे, बारा महिने सूर्य साधारण सहाच्या आसपास उगवतो, म्हणून मोजणी उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. 'सा म्बिली', दुसऱ्या तासाला ये, असं सांगितलं तर आठला जायचं, दोनला नाही. युक्ती सोपी: तबकडीवर तासकाटा जिथं आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. घरात निरोप देताना घेताना 'असुबुही' म्हणजे सकाळचं, 'जिओनी' म्हणजे संध्याकाळचं, हे विचारून घेतलेलं बरं.

खरं घर मागच्या अंगणात असतं. पुढच्या बाजूला भिंतीला लागून सिमेंटचा कट्टा, त्याला बाराझा म्हणतात, तिथं पुरुषांच्या गप्पा. मागे कोळशाची शेगडी, पाण्याची पिंपं, दोरीवर वाळणाऱ्या कांगा, म्हणजे बायकांची छापील सुती वस्त्रं. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, तेव्हा जी असेल ती पिंपं भरून घेते. आंघोळ बादलीनं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन दोन बादल्या ओतून टाकल्या तर त्या दिवशी कुणीतरी अर्ध्या बादलीवर भागवतं आणि काही बोलत नाही. एक बादली पुरेशी असते. साताऱ्याच्या मुलीला हे सांगावं लागत नाही, पण वसतिगृहात शॉवरची सवय झालेल्यांना सांगावं लागतं. वीज गेली की 'उमेमे उमेकातिका' म्हणतात. उमेमे म्हणजे आकाशातली वीज आणि तारेतली वीजही, आपल्यासारखंच. दिवस सगळा कांगा नेसून जातो. ती जोडीनं येते, मधून कापून कडा घरीच दुमडून शिवायच्या. प्रत्येकीवर काठाच्या वर एक ओळ छापलेली असते, म्हण, टोमणा किंवा आशीर्वाद. अर्थ लावल्याशिवाय कुणाला भेट देऊ नये, ओळीमुळे भांडणं झालेली आहेत.

शेगडीजवळ एक घडीचं बुटकं लाकडी आसन असतं, पुढे लोखंडी जीभ आणि जिभेच्या टोकाला दाते. त्याचं नाव म्बुझी, म्हणजे बकरी. कोकणातल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. आपली खोवणी पाटावर असते किंवा विळीच्या टोकाला, त्यांची बसायच्या आसनालाच, एवढाच फरक. बाई त्यावर बसते, नारळाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून दात्यांवर फिरवते, ओढत नाही, फिरवते. पांढरं संपून तपकिरी साल लागायच्या आधी थांबायचं, नाहीतर दूध करडं होतं आणि कडवट लागतं. किलोभर तांदळाला दोन नारळ, नारळ लहान असले तर तीन. खोबऱ्यावर कोमट पाणी घालून चांगलं कुस्करायचं आणि माडाच्या पातीच्या विणलेल्या पिशवीतून, किफुंबूतून, पिळायचं. आता बऱ्याच घरांत प्लॅस्टिकची गाळणी असते. पहिलं दाट दूध बाजूला, मग त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी, दुसरं, तिसरं पातळ. दुधाला तुई म्हणतात. भाताला आधी पातळ तुई मीठ घालून उकळायचं, त्यात धुतलेले तांदूळ, पाणी आटत आलं की दाट तुई वरून. मग शेगडीतले बरेचसे निखारे काढून झाकणावर ठेवायचे, म्हणजे वरूनही धग मिळते आणि दाणा मोकळा होतो. खाली जी खरवड धरते तिचं नाव उकोको, आणि तिच्यावरून मुलांची जी झोंबाझोंबी होते ती रत्नागिरीतल्या कुठल्याही चुलीपुढं होते तशीच.

कालवणाचं उलट. ते सगळं शिजल्यावर शेवटी दाट तुई, मंद आच, झाकण नाही, आणि ओगराळं एका दिशेनं फिरवत राहायचं. उकळी फुटली की दूध फाटतं, तेल वेगळं आणि चोथा वेगळा. मालवणात हे सांगितलं तर बायका म्हणतील, मग यात नवीन काय?

नवीन काही नाही, म्हणून तर मी इतकं लांबण लावलं. या दोन किनाऱ्यांमधून वर्षानुवर्षं एकच वारा आला-गेला. डिसेंबर ते मार्च त्याला तिथं कास्काझी म्हणतात, त्यावर स्वार होऊन गलबतं इकडून तिकडे जायची, आणि नैर्ऋत्येचा कुसी सुरू झाला की परत फिरायची. त्याच्याबरोबर शब्द गेले आणि घरातच राहिले: चपाती, अचारी, कचुंबारी, रंगी, पेसा, गारी, गुनिया, लाखाला लाकी. नुसता कोरा चहा 'चाय या रंगी'. सकाळी त्याच्याबरोबर वितुंबुआ येतात, तांदूळ-नारळाचे, खळग्यांच्या तव्यावरचे, म्हणजे आपले गोड अप्पे. चपाती मात्र फसवते: मैद्याची, तेल लावून, गुंडाळून, पुन्हा लाटलेली, पदर सुटणारी. आणि दुकान म्हणजे दुका. या शब्दाला मात्र कडा आहे. बेटावरची दुकानं बरीचशी भारतीयांची होती, मळे अरबांचे, आणि 12 जानेवारी 1964 च्या, सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीनंतर त्यातले पुष्कळ लोक बेट सोडून गेले. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं 'म्हिंदी?', भारतातली का, असं विचारलं तर त्यात कुतूहल असतं, कधी जुन्या शेजाऱ्याची आठवण असते, कधी उधारीच्या वहीचीही. तिथं आपण नुसते विद्यार्थी म्हणून पोचत नाही, आपल्या आधी आपला गल्ला पोचलेला असतो. हे ठाऊक असलेलं बरं, आणि त्यावर वाद न घालता चहा घेतलेला बरा.

आता त्या बशीकडे येते. ती वेगळी झाली त्याला पाहुणचार जेवढा कारण होता, तेवढंच त्या मुलीचं एक वाक्यही. तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, मी मांसाहार करत नाही. हे सांगण्यात तिची चूक नव्हती. पण तिथलं जेवण माणसागणिक वाढलं जात नाही, एका ताटात वाढलं जातं, आणि मासा त्या ताटाच्या मधोमध असतो. आई काटे काढून तुकडे मोडते आणि एकेकाच्या पुढ्यात सरकवते. मायेचा सगळा व्यवहार त्या सरकवण्यात आहे. प्रत्येकानं आपल्या समोरच्या पाचरीतलंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, पण आईचा हात सगळीकडे जातो. ज्याला मासा चालत नाही त्याच्यापुढे तो हात काय सरकवणार? म्हणून बशी. आपल्याकडे माणसाला बाहेर ठेवायला ताट वेगळं करत आले. इथं एका मुलीनं आपला नियम पाळावा म्हणून एका बाईनं ताट वेगळं केलं, आणि त्या मुलीला ते बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. दोघीही खऱ्या होत्या. मला या गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की दोघींनाही ते एकमेकींना सांगण्याइतकी भाषा अजून आलेली नव्हती.

शाकाहारी विद्यार्थ्यानं काय बोलावं, ते नेमकं सांगते. 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, एवढं पुरत नाही. न्यामा म्हटल्यावर डोळ्यांपुढे गाय-बकरी येते, कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. 'सिली न्यामा, वाला सामाकी, वाला कुकू' असं पूर्ण म्हणायचं: मांस नाही, मासा नाही, कोंबडीही नाही. तरीही पालेभाजीत किंवा शेंगदाण्याच्या रश्शात दागा निघू शकतो, बोटाएवढा सुका मासा, आपल्या सुकटीसारखा चवीला घातलेला. तो कुणी लपवून घालत नाही, त्याला मासा म्हणावं असं कुणाला वाटत नाही इतकंच. म्हणून त्याचं नाव घेऊनच सांगायचं. आणि नाही म्हणून थांबायचं नाही, काय खाते तेही सांगायचं, कारण आईला नकारातून स्वयंपाक करता येत नाही. माहारागे म्हणजे राजम्याच्या जातीचं कडधान्य, चोरोको म्हणजे मूग, कुंदे म्हणजे चवळी, म्चिचा म्हणजे माठ. आणि म्बाझी म्हणजे तूर. पण आपल्यासारखी डाळ नव्हे, अख्खी, भिजवून मऊ शिजवलेली आणि शेवटी दाट नारळाच्या दुधात सोडलेली. हे पदार्थ घरात एरवीही होतात. मासा महाग झाला किंवा समुद्र खवळला की त्या आठवड्यात ताटाच्या मधोमध तेच असतात. त्या दिवशी बशीची गरज उरत नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवं, कारण विद्यार्थी त्याबद्दल रात्री पडल्या पडल्या विचार करतात. राहण्या-जेवणाचे पैसे ठरलेले असतात, ते भाषा शिकवणाऱ्या संस्थेकडून घरी पोचतात, आणि कधीतरी मनात येतंच, ही सगळी माया पैसे घेऊन का? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. पुण्यातल्या डबे करणाऱ्या मावशी महिन्याचे पैसे मोजून घेतात आणि परीक्षेच्या दिवशी डब्यात न मागता शिरा घालतात. त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं कुणी ठरवलं? मात्र आठवड्याला आपणहून वरच्या नोटा देऊ नयेत. त्यानं आई संकोचते आणि शेजारच्या ज्या घरी दुसरा विद्यार्थी आहे तिथं तुलना सुरू होते. त्यापेक्षा दुकावरून किलोभर साखर, तेलाची बाटली, कपड्याचा साबण न सांगता आणून शेगडीजवळ ठेवावा. भारतातून खाऊ न्यायचा तर चिक्की चांगली. जिलेटिन किंवा दारूचा अंश असलेलं काही नको. रमझान मध्ये आला तर दिवसा अंगणात बसून खाऊ-पिऊ नये, आणि सूर्यास्ताला फुतारीला, म्हणजे रोजा सोडायच्या जेवणाला, सगळ्यांबरोबर चटईवर बसावं. तेव्हा रताळी, नारळाच्या दुधातला मुहोगो (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), पेज असं पुष्कळ असतं जे सगळ्यांना चालतं.

2023 मध्ये आयआयटी मद्रासचं केंद्र झांझिबारला सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडची मुलं तिथं जाण्याची बातमी अधूनमधून कानी येते. ती मुलं वसतिगृहात राहतात. त्यांना अंगण क्वचितच दिसत असेल, आणि त्याची मला हुरहुर वाटते. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ झांझिबार परदेशी विद्यार्थ्यांना स्वाहिली शिकवते. प्रमाण स्वाहिली ज्या बोलीवर उभी केली गेली ती याच गावची, किउंगुजा. पण ती वर्गात जेवढी येते त्याहून जास्त शेगडीशी येते. वर्गात चूक झाली की गुण जातात, शेगडीशी चूक झाली की सगळ्यांना तेच खावं लागतं.

साताऱ्याच्या मुलीनं मग काय केलं, ते नंतर कळलं. मोठं काही नाही. एके सकाळी तिनं म्बुझीवर बसू का म्हणून विचारलं. मामानं 'बादो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा बादो. म्बुझीच्या दात्यांवर पाहुणीचा तळवा कापला तर आपलं काय तोंड राहील, हे त्या बाईच्या मनात असणार. चौथ्या-पाचव्या दिवशी मामाला बाजारात जायचं होतं. तेव्हा थोरल्या लेकीनं, दादानं, नारळ फोडून एक वाटी हिच्या हातात दिली. मुलीनं कोकणातल्या आजोळी पाहिलं होतं तशी ती फिरवली. मामा परत येईपर्यंत दोन नारळ खोवून झाले होते आणि तिसऱ्याचं साल लागलं होतं, म्हणून थोडं करडं.

त्या दिवशी म्बाझी होती. शेवटची दाट तुई घालायचं काम तिच्याकडे आलं. तिनं ओगराळं फिरवलं, पण शेगडीतले निखारे काढायचं राहिलं, आणि बघता बघता कडेनं उकळी फुटून दूध फाटलं, तेल वर आलं. मामानं पातेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, 'पोले.' मग ताट चटईवर ठेवलं, भातात आळं केलं, फाटलेली म्बाझी त्यात ओतली आणि थोड्या दाट दाट तुरी बोटांनी मुलीच्या पुढ्यात सरकवल्या.

त्यानंतर त्या घरातून जेवणाचा फोटो आला नाही. भातानं माखलेल्या हातानं फोन धरता येत नाही.